उसना हक्क

आपल्या जुन्या घराण्यांना कागदाचे महत्त्व कुणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि लष्कर हेच वस्तीचे नाव झाले. तेव्हापासूनची एखादी सनद, एखादे इनामपत्र, निदान एखादा मोडी चिटोरा तरी आपल्यापैकी अनेकांच्या पेटीत असतो. तो वाचता कुणाला येत नाही आणि टाकून देण्याची छाती कुणाची होत नाही. तथापि कागदावाचून माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो, याचा खरा अनुभव आमच्या पिढीला आला तो एका परदेशी निवासपत्राने. आमच्या पुतणीचे आयर्लंडमधील हे निवासपत्र २०१९ साली मिळाले होते, पाच वर्षांच्या मुदतीचे.

जावई गोव्याचे. घरात मराठी, देव्हाऱ्यात शांतादुर्गा आणि खिशात पोर्तुगालचा पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या नोंदवहीत नाव लावून तेथील नागरिकत्व घेता येते. जावयांच्या वडिलांचा जन्म त्या तारखेआधीचा. तेव्हा आजोबांच्या काळातील राज्यकर्ते गेले तरी त्यांची नोंदवही नातवाच्या उपयोगी पडली. दुहेरी नागरिकत्व आपला कायदा मानत नाही. जावयांचे भारतीयत्व त्यामुळे संपले, आमच्या पुतणीचे मात्र कायम राहिले. नोकरी पोर्तुगालमध्ये नव्हे, आयर्लंडमध्ये. घरातील म्हाताऱ्या माणसांना हे तीन देशांचे त्रांगडे उलगडून सांगताना आमची बरीच संध्याकाळ खर्ची पडत असे, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होत.

युरोपीय संघाचा २००४ सालचा एक निर्देश आहे, क्रमांक ३८. संघातील एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहू लागला, तर त्याच्या पत्नीला अथवा पतीला, मग ती व्यक्ती जगातील कोणत्याही देशाची असो, त्याच्यासोबत तेथे राहण्याचा हक्क आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे ध्यानात घेण्याजोगे. प्रवेशाच्या व्हिसाला शुल्क लागत नाही, निवासपत्राला तेथील नागरिकांना तशाच दाखल्यासाठी पडते त्याहून अधिक आकारता येत नाही, आणि अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत पत्र द्यावे लागते. न्यायालयांनी तर असे म्हटले आहे की निवासपत्र हक्क निर्माण करीत नाही, असलेला हक्क केवळ दाखवते. विचार उदात्त खरा. पण घरमालक, बँक आणि नोकरी देणारा यांच्यासमोर हक्क दाखवावयाचा तो अखेर कार्डावरच.

यातील एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हा निर्देश स्वदेशात राहणाऱ्याला लागू होत नाही. आमचे जावई आयरिश असते आणि आयर्लंडमध्येच राहत असते, तर पुतणीला हा मार्ग मिळाला नसता. तेथील देशी कायद्याच्या अटींतून जावे लागले असते. परक्याच्या बायकोला सुलभ आणि घरच्याच्या सुनेला कठीण, असा हा प्रकार. १९९२ साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने एका भारतीय पतीच्या खटल्यात त्यातून वाट काढली. त्याची ब्रिटिश पत्नी त्याच्यासह काही काळ जर्मनीत नोकरी करून मायदेशी परतली होती. अशा परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही युरोपीय हक्काचे संरक्षण मिळेल, असा तो निवाडा.

कागद जमवण्याचे प्रकरण थोडक्यातच सांगतो. गोव्यात लग्नाची नोंद दोन सह्यांनी होते. पहिली सही इच्छा नोंदवण्याची, दुसरी काही दिवसांनंतरची. ती होईपर्यंत अक्षता पडल्या तरी कायद्याच्या दृष्टीने लग्न लागलेले नसते. त्या दाखल्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, मग पोर्तुगालच्या दफ्तरात त्याच विवाहाची पुन्हा नोंद. नावाचा प्रश्न मात्र वेळेवर सुटला होता. आमच्या घरात लग्नात सुनेचे नाव बदलण्याची रीत तीन पिढ्यांची. आमच्या आजीचे माहेरचे नाव घरातल्या एकालाही सांगता येत नाही. पुतणीच्या सासरीही तबकातील तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले. पण ते तांदळातच राहिले. पासपोर्टावर ती जन्मनावाने आणि वडिलांच्या आडनावानेच आहे. नाव न बदलण्यामागे तिचा स्वतःचा स्वाभिमान होता, तो प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठाही वाचवून गेला.

आता मुद्द्याचे. हक्क खरा, पण तो उसना. नवरा युरोपीय, म्हणून बायकोला निवास. असल्या हक्काची गत ग्वाल्हेरकरांना परकी नाही. १८२७ साली दौलतराव निवर्तले. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या लेक, कर्तृत्वाने कुणाला हार जाणाऱ्या नव्हेत. पण त्यांचा अधिकार पतीच्या नावातून आलेला. दत्तक घ्यावा लागला, आणि तोच दत्तक जाणता होऊ लागताच १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. आजचा कायदा अर्थातच अधिक दयाळू आहे. पती वारला, तर पत्नीने त्या देशात त्याआधी निदान एक वर्ष काढलेले असल्यास तिचा निवास टिकतो. घटस्फोट झाला, तर विवाह तीन वर्षांचा आणि त्यातले एक वर्ष त्या देशातले, एवढे पुरते. छळ सोसलेल्या स्त्रीला ही मुदतही आड येत नाही. परंतु वाटा अरुंद आहेत. २०१५ सालच्या एका निवाड्यात आयर्लंडमधील एका भारतीय पतीची युरोपीय पत्नी घटस्फोटाचा दावा लावण्यापूर्वीच देश सोडून गेलेली होती. ती गेली त्याच वेळी त्याचा हक्कही गेला, असे न्यायालयाने ठरवले. सोडून कोण गेले, याचा विचार झाला नाही.

युरोपाला एकट्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या ओसीआय कार्डाचीही हीच तऱ्हा. परदेशी पत्नीला वा पतीला ते विवाहाची दोन वर्षे झाल्यावर मिळते, आणि विवाह मोडल्यास रद्द होऊ शकते.

असा उसना हक्क पाच वर्षांनी आपला होतो, हे या निर्देशाचे मर्म आहे. सलग पाच वर्षे कायदेशीर निवास झाला की पत्नीला कायम निवासाचा हक्क मिळतो. मग पती देश सोडो, वारो वा विभक्त होवो, तिला उठवता येत नाही. म्हणून पाचव्या वर्षी भरावयाच्या अर्जाला घरातील सर्वजण ‘व्हिसा नवा करणे’ म्हणत, ते आम्हाला पटत नसे. जुन्या इनामपत्रांच्या अखेरीस कमावीसदारांना आज्ञा असे की दरसाल नवे पत्र मागू नये. मूळ पत्राची नक्कल ठेवून अस्सल भोगवट्यास परत द्यावे. पुतणीला हवे होते ते तसले पत्र.

‘सलग’ या शब्दाची मात्र किंमत आहे. वर्षाकाठी एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिले तर साखळी तुटत नाही. बाळंतपण, गंभीर आजार यांसारख्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांची सवलत आहे. पण आजार स्वतःचा की बापाचा, याचा उलगडा निर्देशाच्या शब्दांत नाही, आणि त्याच्या भरवशावर पाच वर्षे पणाला लावण्याचे धाडस कुणी करावे? २०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या धाकट्या बंधूंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. पुतणी चौथ्या दिवशी जनकगंजात घरी होती. तिने वडिलांना चमच्याने भरवण्यापासून डाव्या हाताने सही गिरवायला शिकवण्यापर्यंत सगळे केले, आणि रोज रात्री दिनदर्शिकेवर एक बारीक रेघ मारली. वहिनींना ती रेघ सहन होत नसे. “बापाच्या उशाशी बसून कसले दिवस मोजतेस?” असे त्या एकदा बोलून गेल्या. ती काहीच बोलली नाही. रात्री आमच्यापाशी येऊन म्हणाली, “काका, मी थांबायला तयार आहे. पण मग परत पहिल्यापासून पाच वर्षे, आणि तेवढा काळ मी पुन्हा कुणाच्या तरी नावावर.”

आम्ही तिला जा म्हणालो. एकशे एकसष्टाव्या दिवशी ती गेली. बंधू तोवर भिंत धरून अंगणापर्यंत जाऊ लागले होते. डिसेंबरात दुसरा झटका आला, तेव्हा ती पोहोचली ती दहनानंतर. तेरावे करून परतली. आणखी चौदा दिवस. एकूण एकशे पंच्याहत्तर. एवढे काटेकोर आकडे शोकाच्या प्रसंगी ध्यानात राहावेत, याचे आम्हाला त्या वेळी फार विषण्ण वाटले. आज वाटत नाही. तिने मोजले ते स्वतःच्या पायाखालच्या जमिनीचे दिवस होते, आणि आमच्या घरातील कुठल्याही स्त्रीला याआधी तशी जमीन मोजण्याची संधी मिळाली नव्हती.

दरम्यान ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडून २०२० च्या अखेरीस तेथील जुनी व्यवस्था संपली होती. स्विंडनसारख्या गावांत वसलेल्या पोर्तुगीज पासपोर्टाच्या गोमंतकीय कुटुंबांना नव्या योजनेत अर्ज करावे लागले. जावयांचे नातलग त्यांतच होते. राज्य बदलले की सनद पुन्हा दाखवावी लागते, हे त्यांना समजावून देण्यात आमचे ग्वाल्हेरी शहाणपण प्रथमच कामी आले.

पुतणीने २०२४ मध्ये अर्ज केला. भाड्याच्या पावत्या, पगारपत्रके, पासपोर्टावरील प्रत्येक शिक्क्याचा हिशेब आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला, त्याचे इंग्रजी भाषांतर, असे सारे जोडून. कायम निवासाचे पत्र पुढच्या वर्षी आले. ते दहा वर्षांनी आपोआप नवे होते, आणि हक्क जातो तो सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यासच. आता वहिनींच्या आजारपणात तिला दिनदर्शिका उघडावी लागणार नाही.

गेल्या महिन्यात तिने फोनवर नवाच विषय काढला. तेथील नागरिकत्वासाठी आता अर्ज करता येईल. घेतले तर भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. काय करू, असे तिने आईला विचारले आहे. वहिनींनी अजून उत्तर दिलेले नाही.