शेवटच्याचा वेग

वसतिगृह सोडून तीस वर्षे झाली, तेव्हा आम्ही चौघा मित्रांनी मनालीहून लेहपर्यंत मोटारीने जावयाचे ठरविले. पहिला आराखडा दोनच दिवसांचा होता. अटल बोगदा, तांडीला इंधन, बारालाचा ला, सरचूचे पठार, तंगलांग ला. सारे तासांच्या हिशेबात बसविलेले. "तुम्ही जाऊन या रे," चौथा शांतपणे म्हणाला. त्याला दमा आहे आणि तंगलांग ला 5,300 मीटरांहून उंच.

आम्ही ओशाळलो. शाळेच्या सहलीत रांग शेवटच्या मुलाच्या पावलांनी चालत असे, हे आम्ही विसरलो होतो. नकाशा पुन्हा उघडला. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून सुमारे 3,200 मीटरांवरील जिस्पा येथे दोन मुक्काम धरले. 4,000 मीटरांहून उंच असलेल्या सरचूचा मुक्काम, पुढचा दिवस लांबणार असूनही, गाळला. आराखड्याच्या तळाशी एक ओळ लिहिली: जिस्पा येथे एकाचेही डोके दुखू लागले, तर सर्वांनी तेथूनच परतावयाचे. लेह दिसले नाही, तरी भागा नदी दिसेलच.

ती ओळ वाचून, डॉक्टरांना विचारून, चौथ्याने होकार कळविला.