तांबडी धूळ

सोमवारी गोव्यातल्या साखळीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीच्या कडेला भाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, अर्ध्या गाळ्याएवढं. 2012 साली शेजारच्या विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा जवळ आलेली असताना मी तिथं खांद्यावरून एक संगणक घेऊन गेलो.

सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या होत्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. बाबांचा खनिज वाहणारा ट्रक अंगणात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. खाणीच्या एका वजनकाट्याच्या कचेरीतलं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यांनी हा जुना पेंटियम फोर अडीच हजारांना घेतला. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. चार दिवस तो चालला. मग बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि दोन सेकंदांत सगळं गप्प. सकाळी तर हटकून. दहा वेळा बटण दाबून तापला की कधीतरी सुरू व्हायचा, पण घड्याळ दर वेळी कुठल्यातरी जुन्या सालात गेलेलं. एका दुकानात सांगितलं, भंगारात घाला. बाबांना ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

भाईंनी तोवर संगणक कधी उघडला नव्हता. डबा टेबलावर घेऊन म्हणाले, "हो टीव्हीचोच भाव." म्हणजे टीव्हीचाच भाऊ. मी स्क्रू काढायला पुढे झालो, तर हात धरला. "पयलीं पळय, मागीर हात लाय." आधी बघ, मग हात लाव.

झाकण उघडलं तर आत खाण होती. पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या जुडग्यावर, प्रोसेसरच्या पन्हाळींत खनिजाची तांबडी धूळ, पावसाळ्याच्या ओलीने थापल्यासारखी बसलेली. भाईंनी रंगाच्या सुक्या ब्रशने ती तासभर काढली आणि कागदावर गोळा केली. मग एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, वेगळा केला, हिरवी वायर काळीला जोडून तो एकटाच चालवला, तांबड्या वायरीवर मीटर लावला. पाच व्होल्ट बरोबर. म्हणजे दोष पुढे. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं माझ्याच कंपासमधल्या खोडरबराने घासली. घड्याळाचा सेल मोजला, तीनच्या जागी दोनही भरेना, तो बदलला. तरीही तेच, दोन सेकंद.

तेव्हा त्यांनी टेबलावरचा दिवा आडवा केला. तिरप्या उजेडात प्रोसेसरशेजारची कपॅसिटरची रांग दिसली. बाकीच्यांचे माथे सपाट, पाचांचे मात्र फुगलेले, एकावर तपकिरी खपली. तासभर मीही त्याच बोर्डाकडे बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. हा क्षण मी विसरलेलो नाही. थंडीत आटलेला कपॅसिटर आणखी दुबळा होतो, म्हणून सकाळचा हट्ट. हेही त्यांनीच उलगडून सांगितलं. त्या काळातल्या कितीतरी मदरबोर्डांचं मरण याच फुगलेल्या कपॅसिटरांत होतं, हे मला पुढे शिकताना कळलं. भाईंना ते टीव्हीने आधीच शिकवलं होतं.

जाड बोर्ड उष्णता पिऊन टाकी, छोट्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळेना. त्यांनी मोठं काढलं. चार कपॅसिटर त्यांनी बसवले, पाचवा माझ्या हाती दिला. पट्टी असलेली बाजू ऋण, ती चुकली तर फुटेल, एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मुद्दाम वळले, असं मला आज वाटतं.

पहिल्याच बटणाला संगणक सुरू झाला. पुढची तीन वर्षं माझा सगळा अभ्यास त्याच्यावर झाला.

आज मी शाळांचे संगणक दुरुस्त करतो. डबा उघडला की आधी हात मागे घेतो, दिवा तिरपा धरतो.

पाच कपॅसिटरचे चाळीस रुपये झाले होते. मी पुढे केले, तर भाई म्हणाले, "बापायचो ट्रक चलूं दी, मागीर दी." बाबांनी तो ट्रक पुढच्या वर्षी विकला. भाई त्याआधीच गेले. चाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.