मीटर बाहेर, घर आत: मधल्या वायरीचं काय?

आज कपाशीचं नाही, मोसंबीचंही नाही. वायरीचं लिहितोय. पाऊस तोंडावर आलाय म्हणून.

आमची वस्ती अंबड तालुक्यात, शेतातच. मीटर रस्त्याच्या कडेला पेटीत, अन् घर तिथून दीडशे फूट आत. मीटरपर्यंतची वायर वीज कंपनीची, त्याच्यापुढची आपली. ही आपली वायर मी स्वतः ओढली होती. दोन बल्ल्या रोवल्या, घराजवळ गोठ्याच्या पत्र्यावरून घेतली अन् खिडकीतून आत. काम झालं, लाइट लागली, विषय संपला असं वाटलं.

तीन वर्षांनी जूनच्या पहिल्या वादळी पावसात वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहिली. वरचं प्लास्टिक कापलं गेलं. पत्र्यात करंट, पत्र्यातून लोखंडी खांबात, अन् खांबाला कालवड बांधलेली. ती एकदम खाली बसली ती उठलीच नाही. आण्णा दावं सोडायला धावले. मी ओरडलो, "आण्णा, हात लावू नका!" ते दोन पावलांवर थांबले. मी चिखलातून पळत मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला. ती दोन पावलं अजून आठवतात.

मला एकच कळेना, फ्यूज का उडाला नाही? नंतर वायरमन आला, तो म्हणला, "दादा, फ्यूज वायरीला वाचवतो, जित्राबाला नाही." खांबातून मातीत जाणारा करंट थोडाच असतो, तेवढ्यानं फ्यूज वितळत नाही. जीव जायला मात्र एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. 30 मिलीअँपिअर गळती झाली की तो क्षणात लाइन तोडतो.

अन् इथं बरेच जण चुकतात. आरसीसीबी घरातल्या बोर्डात बसवतात. मग मीटर ते घर ही मधली वायर उघडीच राहते. आमचा घोटाळा नेमका त्याच वायरीत झाला होता. म्हणून आता तो मीटरच्या बाजूलाच, वेगळ्या बंद पेटीत आहे. मीटरचं सील आपण तोडायचं नाही. जोडणी लायसन्सवाल्या माणसाकडूनच करून घ्यायची.

वायर आता जमिनीखालून नेली. दोन पदरी अ‍ॅल्युमिनियमची 10 चौरस मिलीमीटरची आर्मर्ड केबल घेतली. आधीची 2.5 ची होती. दीडशे फूट जाऊन-येऊन तिचा अडथळा साधारण 1.1 ओहम, म्हणजे 15 अँपिअरला 16 व्होल्ट वाटेतच जायचे. कडबाकुट्टी चालू केली की घरातला बल्ब मिणमिणायचा, अन् आम्ही कंपनीला शिव्या द्यायचो. नव्या केबलीत तेवढ्याच लोडला चारच व्होल्ट जातात.

चर अडीच फूट खोल. खाली वाळू, त्यावर केबल, परत वाळू, वर विटा आडव्या, म्हणजे उद्या कोणी खोदलं तर टिकाव आधी विटेवर बसतो. ट्रॅक्टरच्या वाटेखाली केबल पाइपातून घेतली. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् पावसात फुगते, ताणून टाकलेली केबल ओढली जाते. म्हणून ती थोडी नागमोडी टाकली अन् दोन्ही टोकांना एकेक वेढा ढिला सोडला.

भिंतीत शिरताना पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला. भोकाच्या खाली केबलीला झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळून जातं, आत बोर्डापर्यंत येत नाही. पाइपाचं तोंड बंद केलं, नाहीतर उंदीर अन् पाली तिथंच घर करतात. अ‍ॅल्युमिनियम अन् तांबं पिळून जोडलं नाही. तो सांधा ओलीत खराब होऊन तापतो. दाबून बसवलेले लग लावले. केबलीची आर्मर अर्थिंगला जोडली अन् गोठ्याच्या खांबाची अर्थिंगही केली.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. दर अमावस्येला ते दाबतो. लाइन पडली तर ठीक, नाही पडली तर तो बदलायचा. दिवस लक्षात राहावा म्हणून अमावस्या, बाकी काही नाही.

खर्च झाला. पण कालवडीच्या किमतीपेक्षा कमीच, अन् आण्णांचा हिशोब तर करतच नाही.

एवढंच सांगणं, पाऊस लागायच्या आत मेन बंद करून आपली वायर मीटरपासून घरापर्यंत एकदा डोळ्यानं बघा. पत्र्याला कुठं टेकते? कपडे वाळवायची तार त्याच पत्र्याला बांधली का? जनावर कोणत्या खांबाला बांधता? आमच्याकडं हे बघायला कालवड गेली.