मुकेशच्या कव्हरातली 'आझादी'

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. "आपा, सायोनी का मतलब क्या?" रीलवर कुठेतरी तिने ते गाणं ऐकलं होतं. मूळ गाणं कोणाचं, कुठलं, तिला काही माहीत नव्हतं. तिच्या जन्माच्याही आधीचं ते. मी तिला म्हटलं, उद्या मराठीच्या तासाला सांगते. ती गोंधळली. उर्दूतला वाटणारा शब्द आपा मराठीच्या तासाला का सांगणार?

त्याचं कारण सांगायचं तर मला 1998 च्या मे महिन्यात, मिरजेत जावं लागेल.

दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. आमच्याकडे केबल नव्हती. शेजारच्या खालांकडे होती, आणि त्यांच्या मुलीबरोबर दुपारी एमटीव्ही नाहीतर चॅनल व्ही बघत बसणं एवढाच उद्योग होता. तिथं ते तिघं दिसायचे. लांब केसांचा, गिटार घेतलेला सलमान अहमद. रांगड्या, फाटेल की काय असं वाटणाऱ्या आवाजात गाणारा अली अजमत. आणि एक गोरा, ब्रायन ओकॉनेल, बेस गिटार वाजवणारा. बँडचं नाव जुनून, अल्बमचं नाव 'आझादी', गाणं 'सायोनी'. बँड पाकिस्तानचा आहे हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. कळल्यावर खालांची मुलगी म्हणाली, "अगे, अपने जैसेच दिखते की!" मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मी तर ते मिरजेचेच समजून चालले होते.

मग ईदीच्या साठवलेल्या पैशांतून मी कॅसेट आणली. घरात टेपरेकॉर्डर होता, पण त्यावर अब्बांचा हक्क. त्यांचे मुकेश, रफी आणि गुरुवारी रात्री कव्वाली.

सलमान अहमदची गोष्ट मी पुढे वाचली. लाहोरचा मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे न्यूयॉर्कजवळच्या शाळेत गेला, तिथं लेड झेपेलिन ऐकून गिटारवेडा झाला. ब्रायन त्याच शाळेतला मित्र. घरच्यांना डॉक्टर हवा होता, म्हणून परत लाहोरला येऊन किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टरही झाला. तो काळ झिया-उल-हक यांचा. गाण्याबजावण्याकडे, विशेषतः मुला-मुलींनी एकत्र ऐकण्याच्या गाण्याकडे, वाकड्या नजरेनं बघणारा. आधी तो 'व्हायटल साइन्स' या बँडमध्ये होता. तिथून बाहेर पडून 1990 मध्ये त्यानं जुनून काढला. पहिला अल्बम 1991 चा, मग 'तलाश', मग 'इन्किलाब'. पहिल्या अल्बमकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. नाव झालं ते 1996 च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळच्या 'जज्बा-ए-जुनून'मुळे. त्याच वर्षी 'एहतेसाब' नावाच्या गाण्यात राजकारण्यांच्या भ्रष्टाचारावर बोट ठेवलं, व्हिडिओत महागड्या हॉटेलात घोड्याला जेवायला बसवलं, आणि त्यावर बंदी आली. म्हणजे 'आझादी' येईपर्यंत या लोकांना गाण्याचे टाळे आणि सरकारचे टाळे, दोन्ही बघून झाले होते.

'आझादी' 1997 चा. दोन्ही देशांच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली ते साल. इकडे त्याच साली ए. आर. रहमानचा 'वंदे मातरम्' आला होता आणि गल्लीतल्या प्रत्येक पानपट्टीवर वाजत होता. तिकडच्या 'आझादी'त झेंडा नव्हता. त्यात गिटारच्या शेजारी तबला-ढोलक बसवलेला होता, पंजाबी लोकगीताचा हेल होता, आणि विरह होता. बऱ्याच गाण्यांचे शब्द साबिर जफर यांचे. जुनूनचा हा मेळ एका दिवसात जमलेला नाही. सुरुवातीच्या अल्बममध्ये पाश्चात्त्य रॉक एका बाजूला आणि उर्दू शब्द दुसऱ्या बाजूला, असे शेजारी राहणाऱ्या पण न बोलणाऱ्या दोन घरांसारखे वाटतात. 'इन्किलाब'मध्ये दारं उघडली. 'आझादी'त एकाच चुलीवर स्वयंपाक झाला. पुढे त्याला 'सूफी रॉक' नाव पडलं. मला ते नाव आवडत नाही. पाटी लावली की माल खपतो, एवढाच त्याचा उपयोग. सगळा अल्बम एकसारखा चांगलाही नाही. काही गाणी नुसती घोषणा देतात, काहींत गिटार उगाच लांबते. पण 'सायोनी' आणि 'यार बिना' ऐकताना आजही हातातलं काम थांबतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला तंबोरे करणारे एक मामू होते. सख्खे नव्हेत, पण सगळ्या गल्लीचे मामू. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. इथले कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार आणि झिलई करणारे. लढाया संपल्या, तलवारींचं काम संपलं, तेव्हा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फरीदसाहेबांनी सतार बनवायला घेतली आणि घराण्यांची घराणी त्यात उतरली. भोपळे पंढरपूरकडून येतात. मामूंच्या दुकानात ते छताला टांगलेले असायचे. मी कॅसेट घेऊन त्यांच्याकडे गेले, कारण त्यांच्या दुकानात टेप दिवसभर चालायचा आणि कोणी काही विचारायचं नाही. त्यांनी 'सायोनी' ऐकलं. हातात कानस होती, ती थांबली नाही. सलमानची गिटार वर चढून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरली तेव्हा मात्र थांबली. म्हणाले, "तार खेंचता बच्चा. मींड लेने का शौक है उसकू. सतार पे बिठाव इसकू दो साल." मग थोड्या वेळानं, "गानेवाला बेसुरा नै, गला सोल के गाता."

गळा सोलून गाणं ही मामूंच्या तोंडची मोठी तारीफ होती. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर जिथं आहे त्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी उरुसाला रात्र रात्र गाणं ऐकणारा हा माणूस.

गाणं हराम की हलाल, हा वाद आमच्या घरातही होता. अम्मी नमाजी, तिला बाजे नकोत. अब्बा म्हणायचे, "दर्गे में गाना होता, तेरे घर में नै होता?" वाद घालायचे आणि अजान झाली की टेप बंद करायचे. दोघांचं असं चालून गेलं होतं. त्यामुळे माझी कॅसेट बंद पडली ती हराम म्हणून नाही.

11 मे रोजी पोखरणला चाचण्या झाल्या, 13 तारखेला पुन्हा. गावात फटाके वाजले, पेढे वाटले. अब्बांनीही वर्कशॉपमध्ये मिळालेला पेढा कागदात बांधून घरी आणला, आम्ही चौघांनी खाल्ला. 28 मेला पाकिस्ताननं चगाईत चाचण्या केल्या. त्या दिवशी कोणी कोणाशी फार बोललं नाही. संध्याकाळी मी नेहमीसारखी कॅसेट लावली. अब्बा वुजू करून येत होते. ओल्या हातांनीच त्यांनी बटण दाबलं.

"किसका है ये?"

मी सांगितलं.

त्यांनी कॅसेट काढली, तिचं कव्हर हातात घेतलं. त्यावर ते नाव, 'आझादी'. आमच्या भिंतीला भिंत लागून शेजारचं घर, आणि ते शेजारी कधी वाईट वागलेले नव्हते, हे मला आज मुद्दाम लिहावंसं वाटतं. दिवाळीचा फराळ यायचा, शिरखुर्मा जायचा. तरी अब्बांनी आधी खिडकी लावली. मग मुकेशची एक कॅसेट बाहेर काढली, तिच्या कव्हरात माझी घातली, आणि मुकेशला उघडंच ठेवलं. म्हणाले, "सुनना है तो सुन. आवाज कम. और किसीकू बोलना नक्को किसका है."

मी भांडले. गाणं आहे, बॉम्ब आहे का, असं काहीतरी बोलले. ते म्हणाले, "तेरेकू मालूम है, मेरेकू मालूम है."

सोळा वर्षांच्या मुलीला हा भित्रेपणा वाटला. मला त्यांचा राग आला, बरेच दिवस राहिला.

त्याच दिवसांत सीमेपलीकडे जुनूनवर काय चाललं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते भारतात येऊन गाऊन गेले होते. इथं 'सायोनी' संगीत वाहिन्यांच्या यादीत वर होतं, दिल्लीत चॅनल व्हीचा सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय बँडचा पुरस्कारही त्यांना मिळाला. ते अणुचाचण्यांविरुद्ध बोलले, दोन्ही देशांची संस्कृती मिळतीजुळती आहे म्हणाले. त्यावरून नवाज शरीफ यांच्या सरकारनं त्यांना देशाच्या विचारसरणीचा अपमान करणारे ठरवलं आणि सरकारी टीव्ही-रेडिओवरून बाहेर काढलं. म्हणजे ज्या अल्बमला इकडं मिरजेत माझे अब्बा पाकिस्तानचा म्हणून लपवत होते, त्या अल्बमवाल्यांना तिकडं भारताच्या बाजूचे म्हणून गप्प केलं जात होतं. हे वाचलं तेव्हा मी बीएड करत होते. सुट्टीत घरी आल्यावर अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ हसले. माझा राग बहुतेक तेव्हा गेला.

'आझादी'वर आक्षेप घेणारे आणखी एक होते, माझे उर्दूचे सर. अल्बममध्ये 'खुदी' नावाचं गाणं आहे, त्याचे शब्द इक्बालांचे. सरांना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "इक्बाल को ढोल पे नचा दिया." पाकिस्तानातही काहींना हेच खुपलं होतं. मी सरांचा आदर करते, पण तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही. दरवर्षी 15 ऑगस्टला आमच्या शाळेच्या मैदानात मुलं 'सारे जहाँ से अच्छा' म्हणतात, बँडच्या तालावर कवायत करतात. तेही इक्बालांचंच, 1904 चं. ड्रमवर पाय आपटत म्हटलेलं चालतं आणि गिटारवर चालत नाही, याला काय म्हणावं? इक्बाल 1938 मध्ये गेले, फाळणीच्या नऊ वर्षं आधी. तरी तो कवी कोणाचा, यावर दोन्हीकडे ओढाताण चालूच आहे. 'खुदी' शिकवताना पुस्तकातली व्याख्या सांगितली की मुलं जांभया देतात. एकदा मी ते गाणं मोबाइलवर लावलं. मागच्या बाकावरची मुलं पुढं आली. पाच मिनिटांनी मुख्याध्यापकांचा शिपाईही आला, पण तो आवाज कमी करायला सांगायला.

जुनूननं नंतर 1999 मध्ये 'परवाज' काढला, लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत मुद्रित केलेला, बुल्लेशहाच्या काव्यावरचा. गाणं म्हणून तो मला 'आझादी'पेक्षा सरस वाटतो. पण तो आला ते वर्ष कारगिलचं. मी तो तेव्हा ऐकलाच नाही. दुकानात मागायची हिंमत झाली नाही. अब्बांनी मला सांगितलं नव्हतं, मी आपणहून मागितला नाही.

असो. मुलीला कबूल केलं होतं, तर दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला फळ्यावर लिहिलं, 'सई'. विचारलं, कोणाला माहीत? आमच्या शाळेतली मुलं घरी दख्खनी बोलणारी, कोणीच हात वर केला नाही. मग सांगितलं, सई म्हणजे सखी, मैत्रीण. जात्यावर दळताना बायका ओव्यांमधून जिला हाक मारायच्या ती. पंजाबीतही तीच सई आहे, अनेकींना हाक मारताना 'सइयो', आणि पुढचं 'नी' म्हणजे आपलं 'गं'. सायोनी म्हणजे 'सयांनो गं'. जिवाला कुठं करमत नाही असं आपल्या मैत्रिणींना सांगणारी बाई त्या गाण्यात आहे, मग गाणारा दाढीवाला पुरुष का असेना. ज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिल्या तेव्हा तेही असेच विरहिणी झाले होते, हे सांगायला मी बाराव्या मिनिटाला सुरुवात केली आणि तास संपला.

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या कॅसेटी अम्मीनं अजून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या आहेत. वाजवायला आता काही नाही, टेप केव्हाच भंगारात गेला. मागच्या रमजानमध्ये साफसफाई करताना मुकेशचं ते कव्हर सापडलं. उघडलं तर आत 'आझादी'. आणि आतल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, अब्बांच्या बारीक उर्दू अक्षरात, दोन्ही बाजूंच्या गाण्यांची नावं क्रमानं लिहिलेली होती. 'सायोनी'समोर एक बारकी खूण होती, जशी ते आपल्या आवडत्या गाण्यांसमोर करत.

मी अम्मीला विचारलं, अब्बा हे ऐकायचे? ती म्हणाली, "तू हॉस्टेलकू गई तो रोज. आवाज कम करके."