छातीचा पट्टा नको, मनगट चालेल

"पट्टा नसलेलं हार्ट रेटचं घड्याळ दाखवा," असं दुकानात म्हटलं की विक्रेता आधी आपल्याकडे आणि मग घड्याळाकडे बघतो. घड्याळ म्हटलं की पट्टा आलाच. पण इथे नको असलेला पट्टा मनगटाचा नाही, छातीचा आहे. फिनलंडच्या पोलार कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला खेळाडूंसाठी छातीला बांधायचा बिनतारी पट्टा आणि मनगटावर आकडा दाखवणारं घड्याळ अशी जोडी बाजारात आणली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह तो पट्टा थेट कातडीवरून टिपतो. म्हणजे ईसीजीचंच तत्त्व. व्यायाम करताना आजही त्याच्याइतकं भरवशाचं घरगुती साधन दुसरं नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

तरीही मला तो पट्टा नको होता. तो उघड्या कातडीला, छातीच्या खाली घट्ट बसवावा लागतो आणि त्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पाणी लावावं लागतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पहाटे का होईना, अबाया घालून चालणाऱ्या बाईने आत आणखी एक ओला रबरी पट्टा आवळायचा म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. फजरनंतर मी होम मैदानावर जाते, तिथून घरी येऊन सातची शाळा गाठते. मधल्या वेळात पट्टा सोडा, धुवा, वाळत घाला. एकत्र कुटुंबाच्या घरात ती वस्तू दोरीवर नेमकी कोणाच्या टॉवेलशेजारी वाळत घालायची, हाही प्रश्न आहेच. पुरुष परीक्षकांनी लिहिलेल्या घड्याळांच्या परीक्षणांत हा मुद्दा मला कुठे सापडला नाही.

हे सगळं शौक म्हणून सुरू झालेलं नाही. दीड वर्षापूर्वी माझी आपा गेली. वय 52. छातीत कळ वगैरे नव्हती. दोन दिवस जबडा दुखत होता, मळमळत होतं, जिना चढताना दम लागत होता. हृदयविकाराचा झटका म्हटलं की डोळ्यांसमोर छातीवर हात धरून कोसळणारा पुरुष येतो, पण बायकांमध्ये तो पुष्कळदा असा मुकाट येतो. त्यानंतर घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. माझं वय 46, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर गटातली गोळी सुरू केली आणि रोज भरभर चालायला सांगितलं. "सध्या चालताना ठोके 100 ते 115मध्ये ठेवा, पुढच्या भेटीत बघू," असं कागदावर लिहून दिलं. तो कागद फ्रिजवर चिकटवला आहे. घड्याळ हवं होतं ते या दोन आकड्यांसाठी.

शाळेतल्या एका मैत्रिणीने तिचं दोनेक हजारांचं घड्याळ आठवडाभर वापरायला दिलं. मनगटावरची ही घड्याळं काम कशी करतात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त थोडं वाढतं आणि परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये उलटं होतं. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. म्हणजे ते हृदय ऐकत नाही, रक्ताची सावली बघतं. आणि हात हलला की सावलीही हलते.

मैत्रिणीचं घड्याळ मला रोज 112, 114, 113 दाखवत होतं. कागदातल्या आकड्यांत अगदी चोख बसणारं. पण चढ असो की सपाट, वेग वाढवो की कमी करो, आकडा तिथेच. चौथ्या दिवशी मी पावलं मोजली. मिनिटाला 114. मग लगेच थांबून मनगटावर बोटं ठेवली आणि 15 सेकंद मोजले. 24 ठोके, म्हणजे मिनिटाला 96. घड्याळ माझी नाडी सांगतच नव्हतं, माझे पाय मोजून ते हृदयाच्या नावावर खपवत होतं. इंग्रजीत याला वेगळं नाव आहे, पण आपल्याला 'पावलात अडकणं' म्हणायला हरकत नाही. धावणाऱ्याची पावलं मिनिटाला 160-170 पडतात, त्यामुळे त्याला हा घोळ पटकन कळतो. भरभर चालणाऱ्या मध्यमवयीन बाईची पावलं आणि तिचे अपेक्षित ठोके दोन्ही शंभर-सव्वाशेच्या घरात. चूक दिसतच नाही, उलट छान वाटतं.

नाडी बघताना अंगठा वापरू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी त्यात मिसळते. तर्जनी आणि मधलं बोट, अंगठ्याच्या मुळाखाली. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून पहिल्या 15 सेकंदांतच मोजायचं आणि चाराने गुणायचं. उर्दूच्या तासाला 'नब्ज़' हा शब्द आला की मी मुलांना हे करायला लावते, मराठीच्या तासाला 'नाडी' आली तरी. इब्न सीनाने अरबीतल्या प्रचंड 'कानून'शिवाय नाडीवर फारसीत एक वेगळी छोटी पोथीही लिहिली, 'रगशिनासी'. हजार वर्षांपूर्वीचा हकीम नुसती संख्या बघत नव्हता. जोर, लय, उसंत, सगळं बोटांनी वाचत होता. दुकानात मात्र आपण फक्त पडदा किती इंचाचा तेवढं विचारतो.

खरेदीला आपाचा मुलगा सोबत आला. वय 26, फोन-घड्याळातलं त्याला जास्त कळतं. विक्रेत्याने समोर आठ घड्याळं मांडली. रक्तातला ऑक्सिजन, झोप, ताण, शंभर खेळ, कॉल करायची सोय. मी बोटं मनगटाला लावून उभी राहिले, तसा तो म्हणाला, "मॅडम, कंपनीचं आहे, मोजायची गरज नाही." मी म्हटलं, "भाऊ, दोन घड्याळं द्या, गल्लीत दोन चकरा मारून येते." तो कचरला. शेवटी भाचा दुकानात जामीन म्हणून बसला आणि मी दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं बांधून बाहेर पडले. येताना दुकानाचे तीन मजले चढून उतरले. परत आले तर भाचा कपाळाला हात लावून बसलेला. "खाला, इतना कायकू सोच रही? घड्याळ लेना है ना?" घड्याळच घ्यायचं होतं, म्हणून तर.

बसल्याजागी दोन्ही घड्याळं ठीक होती, 78 आणि 80, माझ्या बोटांना 80. जिन्यावर मात्र एकाने माझ्याबरोबर चढायला सुरुवात केली, दुसरं वर पोचल्यावर जागं झालं. प्रकाशावर चालणारी सगळीच घड्याळं थोडी मागे राहतात, पण किती मागे, यात फरक असतो.

"सावळ्या कातडीवर ही घड्याळं चालत नाहीत," असं मला दोघीतिघींनी सांगितलं होतं. यात तथ्य किती? कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर आठवा. अमेरिकेत 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ऑक्सिमीटरवर आकडा चांगला असूनही प्रत्यक्षात ऑक्सिजन घसरलेला असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. त्यामुळे शंका रास्त आहे. पण मनगटावरच्या ठोक्यांबाबत त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाने वेगवेगळ्या वर्णाच्या 53 लोकांवर केलेल्या अभ्यासात वर्णामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. हालचाल करताना मात्र चूक बसलेल्यापेक्षा सरासरी 30 टक्क्यांनी वाढली, आणि घड्याळाघड्याळांतही फरक होता. म्हणजे रंगापेक्षा हात हलण्याची काळजी जास्त करायची. गोंदण मात्र खरंच अडथळा ठरतं, हे कंपन्या स्वतःच लिहितात. माझा अनुभव असा की ईदची गडद मेंदी मनगटापर्यंत आली की दोन दिवस आकडा येतो-जातो. यंदा मी मेंदी तळहातावरच थांबवली.

भाच्याने मग फोनवर माझं वय घातलं आणि घड्याळाने आपोआप माझे टप्पे आखून दिले. कमाल ठोके 174, मध्यम व्यायाम 111 ते 132. हे 220 वजा वय. हा हिशेब अमेरिकेत 1970च्या सुमारास डॉ. फॉक्स आणि डॉ. हॅस्केल यांनी आधीच्या काही अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून ढोबळपणे काढलेला, आणि तो आज जगभरच्या ट्रेडमिलवर जणू शिलालेख झाला आहे. 2010मध्ये डॉ. मार्था गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास करून बायकांसाठी वेगळं सूत्र दिलं: 206 वजा वयाच्या 0.88 पट. त्याने माझा कमाल आकडा येतो 165 ते 166. वर माझी गोळी. बीटा ब्लॉकर ठोके वाढूच देत नाही, त्यामुळे मला यातलं कुठलंच सूत्र लागू नाही. सूत्राचा पाठलाग करत 132 गाठायला मी धावत सुटले असते तर? विक्रेत्याला विचारलं, "हे टप्पे मला हाताने बदलता येतील?" आठांपैकी तीन घड्याळांतच ती सोय निघाली. निम्मी निवड तिथेच झाली.

उरलेली निवड वुज़ूने केली. मनगट धुताना घड्याळाखाली पाणी पोचायला हवं, म्हणजे दिवसातून अनेकदा ते काढायचं आणि घालायचं. चिकटणारा कापडी पट्टा ओला राहतो, धातूचा निसटतो. साधा बकलचा सिलिकॉन पट्टा सोपा, आणि दर वेळी त्याच भोकात बसतो. हे महत्त्वाचं, कारण सैल घड्याळात बाहेरचा प्रकाश शिरतो आणि आकडे भरकटतात. घालायचं ते मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, व्यायामापुरतं किंचित आवळून. बांगड्या दुसऱ्या हातात. दंडाला किंवा कोपराखाली बांधायची वेगळी प्रकाशाची पट्टीही मिळते, तिथे हालचाल कमी म्हणून ती मनगटापेक्षा बरी चालते आणि बाहीखाली दिसतही नाही. तिची किंमत ऐकून मी ती तूर्त सोडली. बोट टेकवून ईसीजी काढणारी महागडी घड्याळं आहेत, पण त्यासाठी थांबून स्थिर राहावं लागतं. चालताना त्यांचा तो भाग उपयोगाचा नाही.

घरी आल्यावर ॲपने जन्मतारीख, वजन, पाळीच्या तारखा, सगळं विचारलं. पाळीचा रकाना मी रिकामा ठेवला. घड्याळाला तरी कशाला?

आता तीन महिने झाले. दर शुक्रवारी चालता चालता थांबून बोटांनी मोजते आणि दोन्ही आकडे वहीत लिहिते. बहुतेक वेळा तीन-चारचा फरक येतो. गेल्या आठवड्यात वही बघायला भाचा शेजारी बसला, तेव्हा सहज त्याचा हात धरून मोजलं. निवांत बसलेला असताना 94. कॉफी प्यायलो होतो म्हणाला. आई किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल तर पुढच्या पिढीचा धोका डॉक्टर वेगळा धरतात, हे त्याला आपा गेल्यापासून कोणी नीट बसवून सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. तो बराच वेळ वहीची पानं उलटत राहिला. मंगळवारी संध्याकाळची वेळ घेतली आहे, मी सोबत जाणार आहे.