दारावरची थाप

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही आमच्या गांवीं, शहागडास, गेलों होतों. गोदावरीच्या उत्तर तीरावरील हें गांव. पुलापलीकडे बीड जिल्हा लागतो. एके सायंकाळीं नदीकांठीं बसलों असतां गांवचीच एक मुलगी वही घेऊन आली. ती वसतिगृहांत राहून आमच्याच शाळेंत दहावीच्या वर्गांत शिकते. शालान्त परीक्षेकरितां केलेली इंग्रजी कवितांची उजळणी आम्हीं तपासावी, असा तिचा हेतु होता.

वही पाहून प्रथम समाधान वाटलें. काव्यरसग्रहणाचे मुद्दे, म्हणजे शीर्षक, कवि, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना, सुवाच्य अक्षरांत उतरविले होते. मात्र वाचतां वाचतां लक्षांत आलें कीं, प्रत्येक कवितेखालीं एकच वाक्य आहे, आणि तें आम्हींच वर्गांत सांगितलेलें आहे. आम्हीं विचारलें, "मुली, यांतील कोणती ओळ तुला आवडते?" ती गोंधळली, मग हळूच म्हणाली, "सर, आवडलेलं लिहिलं तर गुण मिळतात का?"

या प्रश्नानें आम्हांस आमचे महाविद्यालयांतील दिवस आठवले. बी. ए. ला शेक्सपिअरचें ‘मॅकबेथ’ होतें. टीकाकारांचीं मतें आम्हीं मुखोद्गत केलीं होतीं. नाटक मात्र धड वाचलें नव्हतें. दुसऱ्या अंकांतील द्वारपालाचा प्रवेश तर केवळ विनोदी म्हणून गाळला होता. नेमका त्यावरच प्रश्न आला, आणि आमचें पान कोरें राहिलें. परीक्षेनंतर घरीं तो प्रवेश आम्हीं मोठ्यानें वाचला. राजाचा खून नुकताच झाला आहे, मारेकऱ्यांचे हात रक्तानें माखले आहेत, बाहेरून दारावर थाप पडत आहे, आणि मद्यधुंद द्वारपाल थट्टा करीत रेंगाळतो आहे! आमच्या अंगावर कांटा आला. ही थाप मनाला इतकी कां भिडते, याचा शोध डी क्विन्सी यानें १८२३ मध्यें एका निबंधांत घेतला आहे. पण निबंध पाठ करून थाप ऐकूं येत नाहीं.

हें ठाऊक असूनहि आम्हीं मुलांना तयार वाक्येंच दिलीं, याची लाज वाटली.

आम्हीं वही मिटली. एक कविता तिला मोठ्यानें वाचावयास सांगितली. मराठी वृत्तें लघुगुरूंवर चालतात, इंग्रजी छंद आघातावर. म्हणून प्रत्येक आघातास दगडावर बोटानें ठोका द्यावयास लावलें. मग पुस्तक बंद करून कोण कोणाशीं, कां बोलतें, हें मराठींत सांगावयास लावलें. तिसऱ्या वाचनास ती एका शब्दावर थांबली व म्हणाली, "सर, इथं त्याचा आवाज बदलला." मध्यवर्ती कल्पना तिला तेथें सांपडली.

नाटक तर चौघांनीं पात्रें वांटून घेऊन वाचावें. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ मध्यें ‘ऑथेल्लो’ मराठींत आणलें. आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केलें. शिरवाडकरांनीं ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलें. अशीं पुस्तकें आधीं वाचलीं, तर पात्रें परक्या भाषेआड लपत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, पाठांतर टाकाऊ नव्हे; वेंचक ओळी पाठ असाव्याच. परंतु त्या कवीच्या असाव्या, शिक्षकाच्या नव्हेत. त्या मुलीस किती गुण मिळतील, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. सुटीनंतर वर्गांत आम्हीं जुनें टिपण दिलें नाहीं, "कोणती ओळ आवडली?" एवढेंच विचारलें. वर्ग बराच वेळ गप्प होता. तें मौन आम्हींच पेरलेलें होतें. तें पीक आम्हांसच काढलें पाहिजे.