एकोणीस वर्षांचा वडीलधारा

पोस्ट मोठी आहे. नेरूळ, सीवूड्स, बेलापूरकडच्या सोसायट्यांच्या कमिटीवर जे आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा घेत वाचा.

गेल्या वर्षी लेकीकडे टेक्सासला पाच महिने होते. जूनमधली दुपार, आपला मे बरा म्हणावा असं ऊन. बेल वाजली. दारात दोन पोरं, पांढरे शर्ट, टाय, घामाने निथळत होती. सायकली खाली लावलेल्या. छातीवर काळी पाटी, त्यावर 'एल्डर' आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय विचारलं तर एक एकोणीस आणि दुसरा वीस! मला हसूच आलं.

मॉर्मन मिशनरी होते. जावई आतून खुणावत होता, आई, दार लावा. पण उन्हातून आलेल्या पोराला पाणी न देता परत पाठवणं मला जमत नाही. पाणी दिलं, मग सरबत दिलं आणि आधीच सांगून टाकलं, "बाबांनो, मी विठोबाची माणूस. धर्माचं काही नको, तुमचं सांगा."

मग सांगत बसले. सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, नाश्ता, अभ्यास, मग दिवसभर लोकांकडे जायचं. रात्री साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. पगार नाही, उलट खर्चाचा वाटा स्वतः किंवा घरच्यांनी उचलायचा. कुठल्या गावी जायचं ते चर्च ठरवतं, जोडीदार कोण तेही चर्चच ठरवतं, आणि तो काही आठवड्यांनी बदलतो. एकट्याने फिरायचं नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा, आणि तोही २०१९ पासून. त्याआधी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला.

वीस वर्षांचा होता तो फिलिपिन्सचा. म्हणाला, पहिले दोन महिने रोज रडायचो, बाथरूमचा नळ सोडून, म्हणजे जोडीदाराला ऐकू जाऊ नये. आता पुढच्या आठवड्यापासून एक अगदी नवा मुलगा त्याच्या हाताखाली येणार होता आणि त्याला शिकवायची जबाबदारी ह्याच्यावर. त्याचं एक वाक्य माझ्या मनात राहिलंय: "आधी मी किती दारं उघडली ते मोजायचो. आता बरोबरचा नीट जेवला का, झोपला का, ते बघतो."

मी मराठीची मास्तरीण, त्यामुळे मला लगेच आपला गॉर्डन हॉल आठवला. त्याचं मिशन वेगळं. मॉर्मन चर्च १८३० मध्ये निघालं, हॉल त्याच्या आधीच गेला. पण वय तसंच. फेब्रुवारी १८१३ मध्ये अमेरिकेहून मुंबईत उतरला तेव्हा अठ्ठावीसचा होता. कंपनी सरकार ठेवून घ्यायला तयार नव्हतं, परत जा म्हणून हुकूम निघाला. कसाबसा राहिला. आला होता धर्म सांगायला, पण सांगायचं तर आधी मराठी शिकायला हवी. मग शाळा काढायला हव्यात, भाषांतर करायला हवं, छापखाना हवा. १८१७ पासून अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर छापून निघायला लागला. म्हणजे प्रचारकाचा विद्यार्थी झाला, विद्यार्थ्याचा मास्तर, मास्तराचा छापखानेवाला. १८२५ मध्ये बायको-मुलांना अमेरिकेला पाठवलं, स्वतः मागे राहिला. पुढच्या मार्चमध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीची साथ होती. जवळची औषधं वाटत सुटला, ती जवळजवळ संपली, आणि मग पटकीनेच गेला. मरताना आसऱ्याला होता तो एका देवळात.

आणि पुढची गंमत बघा. त्याच मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग आणलं! त्याच मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली, आणि सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकवायचं प्रशिक्षण घ्यायला गेल्या.

लगेच कमेंटमध्ये तुटून पडू नका. धर्मांतराने घरं मोडतात, हे मलाही माहीत आहे. १८९५ मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त आहे, शाळेत मी ते शिकवलंय. आणि दोन वर्षं एवढ्या नियमांत पोरांना बांधून ठेवणंही मला पटत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो माझ्यावरच येतो.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कॉलेजच्या चार पोरांना भाड्याने द्यायचा होता. एका मुलाचे वडील परभणीहून रात्रीच्या गाडीने आले होते. ऑफिसात उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. "मॅडम, पोरगं पहिल्यांदाच घराबाहेर पडतंय. तुमच्यासारखी माणसं आसपास असली की आम्हाला घोर नाही." निघताना तुरीच्या डाळीची पिशवी टेबलावर ठेवली. मी ती परत दिली, आणि 'बॅचलर नकोत' या ठरावावर सही केली. त्या पोरांचं एक अक्षरही वाईट ऐकलेलं नव्हतं. नुसतं वय बघून नाही म्हटलं.

टेक्सासमध्ये त्या फिलिपिनो पोराला सरबत देताना ते वडील डोळ्यासमोर आले. परक्या देशातलं पोर दारात आलं तर मी पाणी देते, आणि परभणीचं पोर आलं तर नियम दाखवते.

आपण सगळे तक्रार करतो, आजकालच्या पोरांना जबाबदारी नाही. जबाबदारी येणार कुठून? गॅस कधी संपतो, मेंटेनन्स कधी भरायचा, खालच्या आजींना झोपमोड होऊ नये म्हणून आवाज किती ठेवायचा, हे घराबाहेर राहिल्याशिवाय कळत नाही. आणि घराबाहेर राहायला आधी घर मिळावं लागतं. नवी मुंबई वसली ती बाहेरून आलेल्यांनीच. आम्हीही १९८९ मध्ये साताऱ्याहून दोन ट्रंका घेऊन आलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला आठवडा डबा दिला होता.

येत्या रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. तो ठराव रद्द करा असा अर्ज मी दिलाय. सोबत लिहून दिलंय की पोरं आली तर पहिले सहा महिने त्यांची विचारपूस मी करेन. आवाज झाला तर बोलायलाही मीच जाईन. लेक फोनवर म्हणाली, आई, आता तू एल्डर झालीस. म्हटलं, वय झालंय खरं, पदाला जरा उशीर झाला.

तुमच्या सोसायटीत काय नियम आहे ते खाली लिहा. आणि तुम्ही स्वतः पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा दार कोणी उघडलं होतं, तेही लिहा.